अल्याड गोरिंग, पल्याड स्ट्रीटली

लंडनहून तासाभरात गाडी ज्या स्टेशनात सोडते, त्याच्या पाटीवर दोन गावं नांदतात: ‘गोरिंग अँड स्ट्रीटली’. स्टेशन मात्र गोरिंगात. स्ट्रीटलीकरांनी गाडी धरायची तर थेम्स ओलांडून, काउंटी बदलून यायचं; बर्कशायरातून ऑक्सफर्डशायरात.

एके काळी तोरा स्ट्रीटलीचा होता. नावातच ‘स्ट्रीट’, म्हणजे जुना रोमन रस्ता. १८४० मध्ये इंजिनिअर ब्रुनेलची रेल्वे आली ती नदीच्या अलीकडून, आणि थोरल्या जावेचा मान धाकटीकडे गेला. आज दुकानांचा पसारा गोरिंगात, आणि स्ट्रीटली टेकडीच्या पायथ्याशी गप्प.

रेल्वे इथूनच का, ते टेकडीवर चढल्यावर कळतं. पूर्वेला चिल्टर्न, पश्चिमेला बर्कशायर डाउन्स या टेकड्या, आणि मधून थेम्सने कापून काढलेली खिंड. आपल्या घाटांपुढे ही खिंड म्हणजे गंमतच, पण हजारो वर्षं माणसं इथूनच नदी उतरत आली. रिजवे आणि इकनील्ड वे या पुरातन वाटा इथल्याच नदीच्या उतारावर, म्हणजे पायी ओलांडण्याच्या जागी, भेटतात.

आधी नदी पायी ओलांडायची, मग होडी आली. १६७४ च्या जुलैत गोरिंगची जत्रा आटोपून स्ट्रीटलीला परतणारी होडी बंधाऱ्याच्या फार जवळ गेली आणि उलटली. बायकापोरांसह सुमारे साठ माणसं बुडाली. एवढं होऊनही पूल झाला तो १८३७ मध्ये! लाकडी, आणि टोल भरून ओलांडायचा. सध्याचा १९२३ चा. त्यावर उभं राहिलं की बंधाऱ्याचा आवाज अजून बोलणं बुडवतो. खाली लॉकमध्ये, म्हणजे होड्या वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदात, पाणी चढेपर्यंत होडीवाले निवांत चहा पितात. त्या आवाजाकडे कुणाचं लक्ष नसतं.

मला मात्र खरं नवल वाटलं ते डोंगराचं. काळ्या कातळात वाढलेल्या माणसाला हे पचत नाही: अख्खा डोंगर खडूचा! शाळेतल्या फळ्यावरचा म्हणावा तसा पांढरा, मध्ये मध्ये गारगोट्या. उतरेपर्यंत बूट पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे झाले. खिशात एक तुकडा टाकला होता. पुलाच्या कठड्यावर हळूच रेघ ओढून पाहिली. उमटली की!

मागून कुत्रा घेऊन येणाऱ्या आजीबाई थबकल्या. रेघेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

“येईलच आता पाऊस,” म्हणाल्या, आणि स्ट्रीटलीकडे चालू लागल्या.