आमची वाटचाल : वडाच्या पाट्या आणि वाशिष्ठीचं पाणी

2004 साली चिपळुणात एचिंगचा, म्हणजे धातूच्या पाटीवर आम्लाने रेषा कोरून कागदावर चित्राचे ठसे काढण्याचा, छापखाना काढला, तेव्हा पहिलं वर्षभर लोक लग्नपत्रिकांचे नमुने बघायला येत. मुंबईहून प्रेस आणायची ऐपत नव्हती. खेर्डी एमआयडीसीतल्या टर्नरकाकांनी रूळ लेथवर घासून प्रेस उभं करून दिलं. गिअर तीनदा बदलले आणि पैसे आमच्याकडून जमेल तसे घेतले.

आम्ही छापतो ते इथलंच. गोवळकोटची खाडी, कांदळवन, परशुराम घाटातलं धुकं आणि मुंबई-गोवा महामार्गावरचे वड. चौपदरीकरणात ते वड गेले. जुन्या वहीतली रेखाटनं होती; बाकी पारंब्या कुठे टेकायच्या, एसटीच्या खिडकीतून सावली कशी सरकायची, ते आठवून जस्ताच्या पाट्यांवर सुईने ओढलं. आम्लात पाटी टाकली की रेषांवर बुडबुडे धरतात. ते मी आजही पिसाने सारतो. ब्रशने घाई करू नये, ग्राउंड, म्हणजे पाटीवरचा आम्ल अडवणारा थर, उचकटतो.

मधली वर्षं बरी गेली.

26 जुलै 2005 च्या पुराची खूण भिंतीवर होती. तिच्या हातभर वर आम्ही कागदाचे रॅक ठोकले होते आणि निर्धास्त होतो. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी त्या रॅकच्याही वर गेली. पाणी ओसरलं तेव्हा सुती कागदाचा लगदा झाला होता, प्रेसमधले लोकरी फेल्ट कुजले होते आणि नमुन्याचा एकही ठसा उरला नव्हता. पाट्या चिखलात सापडल्या, पांढरा थर धरलेल्या. 140 पैकी 61 वाचल्या. चौथ्या दिवशी टर्नरकाका आले, सत्तरी उलटलेली असताना चिखलात मांडी घालून बसले आणि बेअरिंग काढून डिझेलमध्ये धुतली.

दापोलीचे एक निवृत्त गुरुजी 2007 पासून दर दिवाळीला आमच्याकडून एक ठसा घेत. ते सगळे चौदा ठसे धोतरात गुंडाळून घेऊन आले. म्हणाले, "हे समोर ठेवा आणि पाट्या दुरुस्त करा. माझे मला मागाहून द्या." कुठली रेषा गंजाची आणि कुठली माझी, हे त्या ठशांमुळे कळलं.

त्याच दिवसांत सजावटीचा धंदा करणारा एक गृहस्थ आला. एका रिसॉर्टसाठी 60 ठसे हवेत म्हणाला आणि वडाच्या मालिकेचे सहा नमुने घेऊन गेला. त्या शब्दावर आम्ही सौ.च्या पाटल्या गहाण टाकून कागद आणला. पुढे त्याने फोन उचलणं बंद केलं. वर्षभराने त्या रिसॉर्टमध्ये आमचा वड दिसला. कॅनव्हासवर कॉम्प्युटरने छापलेला, चौपट मोठा, खाली 'हस्तनिर्मित' अशी पट्टी. डाव्या कोपऱ्यात आम्ल फुटून पडलेला ठिपकासुद्धा तसाच! जाब विचारला तर म्हणाला, "झाड रस्त्यावरचं, तुमचा हक्क कसला?" झाड रस्त्यावरचं होतंच. पण तो ठिपका माझ्या पाटीवरचा आहे. पाटल्या सोडवायला अडीच वर्षं लागली, ती मी विसरणार नाही.

म्हणून सांगतो, एचिंग घेताना कागद तिरपा धरा आणि चित्राच्या कडेवरून बोट फिरवा. पाटीच्या दाबाने कागद आत बसलेला लागला पाहिजे. खाली पेन्सिलीने कितीपैकी कितवा ठसा तो आकडा आणि सही हवी. कोकणात राहत असाल तर काच ठशाला टेकू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घाला, नाहीतर दुसऱ्या पावसात बुरशी आलीच. आणि नव्या मुलांनो, नमुना हातातून सोडताना पावती घ्या, माणूस कितीही गोड बोलला तरी.

पाट्या आता माळ्यावर असतात. गुरुजींचे ठसे 2022 च्या दिवाळीत दापोलीला पोचवले, पंधरावा वडाचा. त्या पाटीचे 50 काढायचे ठरवले आहेत. 31 वा गेल्या मंगळवारी निघाला, अजून ब्लॉटरखाली (टिपकागदाखाली) वाळतोय.