अण्णांचा कोरडा खोकला

आमच्या निपाणीत खोकल्याला कोणी आजार मानत नाही. तंबाखूच्या वखारीत हयात घालवलेल्या माणसाला खकाण्याने ठसका लागणारच, अशी सगळ्यांची समजूत असते. म्हणूनच हॉजकिन लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कर्करोगासाठी दर पंधरा दिवसांनी मिरजेला केमो घ्यायला जाणारे आमचे अण्णा पाचव्या महिन्यात कोरडे खोकू लागले, तेव्हा घरात कोणालाच त्याचे काही वाटले नाही. पुढे माडीचा जिना चढताना ते मध्येच कठडा धरून थांबू लागले. गावातल्या डॉक्टरांनी क्षयाची शंका घेऊन थुंकी तपासली, ती निर्दोष निघाली. पण त्यात दहा दिवस गेले, आणि ते दहा दिवस मला अजूनही सलतात.

मिरजेच्या डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावताच त्यांना फुप्फुसांच्या तळाशी बारीक करकर ऐकू आली, आणि सीटी स्कॅनने शंका पक्की केली. अण्णांच्या चार औषधांपैकी ब्लिओमायसिन या औषधाने फुप्फुसांना सूज आणली होती. हे औषध शरीरात ज्या विकराने (एन्झाइमने) निकामी होते, ते विकर फुप्फुसांत आणि त्वचेत फार कमी असते, त्यामुळे त्याचा मारा याच दोन ठिकाणी अधिक बसतो. तेल चोळताना वैनींना अण्णांच्या पाठीवर चाबकाच्या वळांसारखे काळसर पट्टे दिसले होते, ते याच औषधाचे होते, हे आम्हाला तेव्हा कळले. औषधाची एकूण मात्रा, चाळिशीपुढचे वय, अशक्त मूत्रपिंडे, धूम्रपान आणि छातीवरचे रेडिएशन यांमुळे हा धोका वाढतो. सूज वेळीच ओळखली नाही, तर तिथे व्रण धरून फुप्फुस कडक होते, आणि ते पुन्हा पूर्ववत होत नाही.

ब्लिओमायसिन बंद झाले, उरलेली तीन औषधे चालू राहिली, स्टेरॉइडच्या गोळ्या काही महिने हळूहळू कमी करत दिल्या. अण्णा आता जिना चढतात, सावकाश.

केमो चालू असलेल्या कोणाला नवा कोरडा खोकला किंवा धाप लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दोन वर्षांनी बेळगावात अण्णांचे हर्नियाचे ऑपरेशन ठरले. ब्लिओमायसिन घेतलेल्या माणसाला भुलीच्या वेळी गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिल्यास फुप्फुसांना पुन्हा इजा होऊ शकते, म्हणून मी भूलतज्ज्ञांना आधीच गाठून सांगितले. तेव्हापासून अण्णांच्या पाकिटात आधार कार्डामागे एक चिठ्ठी असते. तिच्यावर औषधाचे नाव मी मराठीत लिहिले आहे, आणि खाली शेजारच्या मास्तरांकडून कन्नडमध्ये लिहून घेतले आहे.