कावीळ कळवताना: एका रकान्याची गोष्ट

विषाणूजन्य काविळीचे (हिपॅटायटीसचे) रुग्ण आरोग्य विभागाला कळवण्याचे काम माझ्याकडे आले, त्याचे खरे कारण एवढेच की विभागात मी सर्वांत नवीन होतो. पहिला अर्ज मी दहा मिनिटांत भरला. निदानाच्या रकान्यात ‘हिपॅटायटीस, पॉझिटिव्ह’ लिहिले, लक्षणांच्या सुरुवातीच्या तारखेपुढे रक्त घेतल्याची 20 तारीख टाकली आणि कागद पाठवून मोकळा झालो.

दुसऱ्याच दिवशी सर्वेक्षण अधिकारी बाईंचा फोन आला. “डॉक्टर, हिपॅटायटीस कोणता? आणि रक्त घेतले त्याच दिवशी ताप आला होता का?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर समोरच होते: ‘ए’ विषाणूविरुद्धचे आयजीएम प्रतिपिंड सापडले होते, म्हणजे संसर्ग ताजा होता. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र रुग्णाच्या खाटेजवळ जाऊन बसावे लागले.

रुग्ण तरुण होता आणि एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात काम करत असे. आजार कधी सुरू झाला असे विचारले की तो “डोळे पिवळे झाले तेव्हा” म्हणे, आणि तो दिवस होता 16. भूक कधी गेली, अन्नाचा वास कधी नकोसा झाला, लघवी कधी गडद झाली असे एकेक विचारत गेल्यावर कळले की 9 तारखेपासूनच त्याच्या अंगात ताप होता आणि त्या दिवसापासून तो कामावर गेलेला नव्हता. शेवटचे काम त्याने 8 तारखेला केले होते.

हे ऐकल्यावर बाईंनी फोनवरच हिशेब मांडला. ‘ए’ प्रकाराचा रुग्ण कावीळ दिसण्यापूर्वी सुमारे दोन आठवड्यांपासून विषाणू पसरवत असतो. माझ्या तारखेवरून मोजले असते तर हा काळ 6 तारखेला सुरू झाला असता. प्रत्यक्षात तो 2 तारखेला सुरू झाला होता, म्हणजे स्वयंपाकघरातले चार दिवस माझ्या अर्जातून निसटलेच होते. शिवाय संपर्कातल्या लोकांना लस द्यायची तर ती शेवटच्या संपर्कापासून दोन आठवड्यांच्या आत द्यावी लागते. 8 अधिक 14 म्हणजे 22, आणि आज 21 होती. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याच्या सहकाऱ्यांना लस मिळाली. संसर्ग मुळात कुठून आला याचा शोधही सुरुवातीच्या तारखेवरूनच मागे जातो, कारण या प्रकारात संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत 15 ते 50 दिवस, सरासरी 28 दिवस, जातात.

‘बी’ आणि ‘सी’चे अर्ज वेगळ्याच कारणाने अडतात. एचबीएसएजी, म्हणजे ‘बी’ विषाणूच्या पृष्ठभागावरचे प्रतिजन (विषाणूचा प्रथिन-अंश) शोधणारी चाचणी, पॉझिटिव्ह आली म्हणून संसर्ग नवा आहे असे होत नाही. तो वर्षानुवर्षे जुना असू शकतो, आणि सहा महिन्यांनंतरही ही चाचणी पॉझिटिव्ह राहिली तर तो दीर्घकालीन धरला जातो. म्हणून विषाणूच्या गाभ्यातील प्रतिजनाविरुद्धचे आयजीएम, जे ताज्या संसर्गाची खूण असते, आणि आधीचे अहवाल शोधावे लागतात. रुग्ण गरोदर असेल तर तो रकाना मी सर्वांत आधी भरतो, कारण बाळाला जन्मानंतर 24 तासांच्या आत लस मिळायला हवी आणि त्याची तयारी प्रसूतीपूर्वीच व्हावी लागते. ‘सी’चे प्रतिपिंड तर बरे झालेल्या माणसातही राहतात, विषाणू अजून रक्तात आहे का हे सांगणाऱ्या आरएनए चाचणीशिवाय तो अर्ज अर्धवटच.

एक अर्ज मला मागेही घ्यावा लागला. नर्सिंगच्या एका विद्यार्थिनीची एचबीएसएजी पॉझिटिव्ह आली आणि मी तत्परतेने कळवले. आठवड्यापूर्वीच तिने ‘बी’ची लस घेतली होती हे नंतर समजले. लसीतलेच प्रतिजन काही दिवस रक्तात सापडू शकते, आणि काही आठवड्यांनी केलेली चाचणी निगेटिव्ह आली. अहवाल मागे घेणे सोपे गेले. दरम्यान त्या मुलीने काढलेल्या रात्रींची भरपाई मात्र कोणत्याही अर्जात नव्हती.

आता आमच्या नोंदवहीत मी पेन्सिलीने आखलेले तीन जादा रकाने आहेत: पहिले लक्षण, डोळे पिवळे दिसल्याचा दिवस आणि शेवटची लस. छापील नमुन्यात जागा असो वा नसो, रक्त घेण्याआधी ते भरून घेतो.