हळू पोहला आणि आकडा सुधारला

फोंड्याचा पंधरा वर्षांचा मुलगा, फ्रीस्टाइलवाला. आई त्याला पहाटे स्कूटरवरून पणजीतल्या कांपालच्या जलतरण तलावावर आणते आणि सराव संपेपर्यंत पायऱ्यांवर बसून अबोलीचा वळेसर ओवते. मुलांचा दम मोजणं हे माझं काम.

त्या दिवशी सीएसएस काढायचा होता, म्हणजे क्रिटिकल स्विम स्पीड. चारशे आणि दोनशे मीटर, दोन्ही जीव तोडून पोहायचं. चारशेच्या वेळेतून दोनशेची वजा करायची, उरलेल्या सेकंदांत दोनशे मीटर झाले असं धरायचं. धाप लागते पण पोहणारा कोसळत नाही, अशी बराच वेळ टिकणारी गती त्यातून साधारण कळते. बोट टोचायला नको, जोरात पोहल्यावर रक्तात वाढणारं लॅक्टेट मोजायच्या महागड्या पट्ट्या नकोत. तसंही ओल्या बोटावरच्या रक्ताच्या थेंबात पाणी मिसळलं की आकडा बिघडतो.

चारशे झाले बरोबर पाच मिनिटांत. सातला दुसरी बॅच उतरणार होती, म्हणून मी त्याला जेमतेम आठ मिनिटं विश्रांती दिली. "आयज हात जड जाल्यात, सर," तो म्हणाला. मी म्हटलं, चल, दोनशेच तर आहेत. दोन मिनिटं सव्वीस सेकंद. वजाबाकी एकशे चौपन्न, म्हणजे शंभराला 1:17. मी खूश. वडिलांना फोनवर कळवलंसुद्धा.

दोन दिवसांनी त्याच आकड्यावर सेट लावला: शंभर मीटर दहा वेळा, प्रत्येक 1:17 मध्ये, मध्ये पंधरा सेकंद. चौथ्यालाच त्याची कोपरं खाली यायला लागली. पाचव्यानंतर भिंतीला धरून मानेवरची नाडी मोजली: दहा सेकंदांत एकतीस ठोके, मिनिटाला एकशे शहाऐंशी. पाण्यात आडवं पोहताना ठोके जमिनीवरच्यापेक्षा साधारण दहाने कमीच पडतात, हे धरलं तर तो पुरता थकला होता. सहाव्याला तो मधेच थांबला आणि लेनच्या दोरीवर हनुवटी टेकवून राहिला. आईचा ओवणारा हात थांबला.

पहिला विचार आला तो लाज वाटावी असा: पोरगा आळस करतोय.

घरी वही उघडली तेव्हा चूक माझीच निघाली. दमलेल्या मुलाने दोनशे हळू मारले. दोनशे हळू झाले की वजाबाकी लहान होते, आणि वजाबाकी लहान झाली की सीएसएस वाढतो! म्हणजे जितका दमलेला, तितका कागदावर तयार. शिवाय चारशेची त्याची सरासरी 1:15 होती. पाच मिनिटं जीव तोडून काढलेल्या गतीपेक्षा अर्धा तास टिकणारी गती दोनच सेकंदांनी कमी कशी असेल, एवढं तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आठवड्याने दोनशे पुन्हा घेतले, ताज्या अंगाने, वेगळ्या दिवशी. 2:18. आता वजाबाकी एकशे बासष्ट, सीएसएस 1:21. तरी माझा विश्वास बसेना, म्हणून शनिवारी तीस मिनिटं सलग पोहायला लावलं. पन्नास मीटरच्या तलावाच्या लांब्या मोजायला आईला बसवलं. तिने प्रत्येक लांबीला एक अबोली बाजूला ठेवली. शिट्टी वाजली तेव्हा त्रेचाळीस फुलं झाली होती आणि चव्वेचाळिसाव्या लांबीत पोरगा समोरच्या भिंतीपासून पाच मीटरवरच्या झेंड्यांखाली होता. म्हणजे 2,195 मीटर, शंभराला 1:22.

वडिलांना पुन्हा फोन केला. "म्हणजे पंधरवड्यात पाच सेकंद मागं गेला?" ते म्हणाले. वजाबाकी समजावून सांगायला वीस मिनिटं लागली, आणि पटली असं अजून वाटत नाही. पोराला मात्र पटली. "मग मी आळशी नव्हतो ना, सर?" त्याने विचारलं. आईने ती त्रेचाळीस फुलं वळेसरात परत ओवून टाकली.