पोटाची गोळी डोक्सात चढते काय?

आमच्या मेडिकलमध्ये हा प्रश्न बारा महिने येतो, कापूस वेचणीच्या दिवसांत जरा जास्तच. जुलाबाची चिठ्ठी घेऊन आलेला माणूस पट्टी उलटीपालटी करून बघतो अन् विचारतो, "भाऊ, हे डोक्सात तं नाही चढत? उद्या ट्रॅक्टर घेऊन जिनिंगवर जायचं हाये." तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो, काउंटरवर तेवढी सवड नसते.

शंका रास्त आहे, कारण जुलाब थांबवणारं लोपेरामाइड नात्यानं अफूचंच. आतड्यातल्या ज्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या खाचेत, अफू बसते तिथंच तेही बसतं आणि आतड्याची धावपळ मंदावते. मग नशा का येत नाही? १८८५ मध्ये पॉल एर्लिखनं जनावरांच्या रक्तात रंग सोडला तेव्हा बाकीचे अवयव रंगले, मेंदू कोराच राहिला. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात, की मधून सहसा काही झिरपत नाही. यालाच ब्लड-ब्रेन बॅरियर म्हणतात. लोपेरामाइड पेशीतूनच आरपार जायला बघतं, पण तिथला पंप त्याला परत रक्तात फेकतो. हे अर्थात लिहून दिलेल्या डोसापुरतं. मनानं पट्टीभर खाल्ली तर हृदयाचे ठोके बिघडतात.

उलटीच्या गोळ्यांची तऱ्हा निराळी. मेंदूच्या देठापाशी एका जागी हा बंदोबस्त ढिला असतो. रक्तात विष आलं की त्या जागेला कळतं आणि उलटीचा हुकूम सुटतो. डॉम्पेरिडोन तिथवर पोचतं, फारसं आत जात नाही. मेटोक्लोप्रमाइड मात्र थेट मेंदूत शिरतं आणि हालचाली सांभाळणाऱ्या डोपामिन या रसायनाच्या कामात आडवं येतं. एकदा कॉलेजातली एक पोरगी घरच्यांनी उचलून आणली. मान एका बाजूला ओढलेली, डोळे वर लागलेले, जीभ वळेना. "पोरीले बाहेरचं लागलं," आजी म्हणत होती. देवऋष्याकडेच निघाले होते. चिठ्ठीत हीच गोळी बघून त्यांना दवाखान्यात पिटाळलं. एका सुईवर थोड्याच वेळात मान सरळ झाली.

आता तुम्ही म्हणाल, एवढी राखण आहे तर पोट बिघडल्यावर जीव कासावीस का होतो? तर निरोप जातो व्हेगस नावाच्या नसेवरून. तिच्यातले सुमारे ८० टक्के धागे पोटाकडून मेंदूकडे बातमी नेतात. "आनंदाचं रसायन पोटात तयार होतं आणि डोक्यात जातं" हा व्हॉट्सअॅपवर फिरणारा मेसेज निम्मा खरा आहे. हे रसायन म्हणजे सेरोटोनिन. शरीरातलं जवळपास ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात बनतं खरं, पण ते बॅरियर ओलांडत नाही. जेवणातल्या प्रथिनातून आलेलं ट्रिप्टोफॅन नावाचं द्रव्य तेवढं आत घेतलं जातं, आणि मेंदू त्यापासून आपलं सेरोटोनिन आपणच बनवतो.

बॅरियरची घट्ट वीणसुद्धा थोडी पोटाच्या हातात असावी. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जंतूविरहित वाढवलेल्या उंदरांचा बॅरियर गळका निघाला. त्यांना आतड्यातले जंतू दिल्यावर तो घट्ट झाला. तंतुमय अन्न आंबवून असे जंतू जे ब्युटिरेट बनवतात, तेही कामी आलं. पण हे झालं उंदरांचं. हल्ली पोराच्या बुद्धीसाठी प्रोबायोटिकची पुडी मागायला लोक येतात, त्यांना मी ज्वारीची भाकर अन् तुरीचं वरण खाऊ घाला म्हणून परत पाठवतो. पुडी जुलाबाच्या चिठ्ठीत लिहिली असेल तरच देतो.