चोणक, तिथी आणि मांडवीचं मीठ

आश्विन वद्य अष्टमी

गोव्यातली मांडवी नदी पावसानंतर निवळली. चोडण आणि दिवाडी या बेटांच्या मधल्या पट्ट्यात वल्ह्याचं पातं हातभर खोलीवर दिसू लागलं की फ्लायनं, म्हणजे केसा-पिसांच्या बनावट आमिषानं, चोणक मासा गरवायचा हंगाम उघडला असं समजायचं. त्याआधी घाई करून उपयोग नाही. जिवंत सुंगटाला, म्हणजे कोळंबीला, वास असतो, धडपड असते. गळावर बांधलेल्या हरणाच्या शेपटीच्या केसांना आणि चमकीला यातलं काहीच नसतं. ती माशाच्या नजरेत भरली तरच चालते.

आज अष्टमी, म्हणजे भांग, पाणी सर्वांत कमी चढतं-उतरतं ते दिवस. जाळंवाले अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची वाट बघतात आणि त्यांचं बरोबरच आहे, पण फ्लायला मी भांगच निवडेन. उधाणाला मुरगावला पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, भांगाला साधारण त्याच्या निम्मं. ओहोटीचे सहा तास धरा. पहिल्या तासात उतरणाऱ्या पाण्याचा बारावा भाग जातो, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. म्हणजे उधाणाला मधल्या दोनच तासांत पाणी एक मीटर खाली जातं. एवढ्या ओढीत लाइन (फ्लाय फेकायची जाड दोरी) कमानीसारखी ताणते, फ्लाय खाली बसत नाही, वरच्यावर घसरत जाते. भांगाला हेच मधले तास कामाचे ठरतात. उधाणालाच जायची वेळ आली तर पाचव्या तासापर्यंत थांबावं.

भरती-ओहोटीच्या वेळा मुरगाव बंदराच्या तक्त्यावरून घ्यायच्या, पण त्या नदीच्या मुखाच्या असतात. भरती नदीतून वर चढत जाते, वरच्या अंगाला गांजे गावाच्या बाजूला ती पोचायला दोन तासांच्या आसपास लागतात. रोजची वेळ साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. शिवाय दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, त्यामुळे वेळेशेजारचा उंचीचा रकानाही वाचायचा. बरेच जण तो सोडतात आणि मग ‘ओहोटी होती, पण पाणी हललंच नाही’ म्हणतात.

आता मिठाचं. पावसाळ्यात नदी जवळजवळ मुखापर्यंत गोडी होते. पाऊस सरला की समुद्राचं पाणी परत आत येऊ लागतं, आणि जड असल्यानं ते तळातून येतं. वर गोडं, खाली खारं, असे दोन थर काही आठवडे राहतात. चोणकाला दोन्ही पाणी चालतं, पण सुंगटं आणि शेवटे नावाच्या माशांची पिल्लं खाऱ्याबरोबर आत शिरतात आणि तो त्यांच्यामागून येतो. म्हणून आश्विनात वर तरंगणारी लाइन लावून बसू नये. सावकाश बुडणारी मध्यम लाइन लावावी, फ्लाय पडल्यावर मनात दहा अंक मोजावेत आणि मगच खेचायला लागावं. कोळंबीच्या तळ्यांवर वापरतात तो हातातला क्षारतामापक जवळ असेल तर वरचं आणि तळाचं पाणी वेगवेगळं तपासता येतं. महागड्या रिळापेक्षा मी पैसे यावर घालीन.

काठी ९ फुटी, ९ नंबरची; नंबर मोठा तितकी काठी दणकट. उघड्या पाण्यात ८ नंबर पुरते, पण खारफुटीच्या मुळांत शिरू पाहणारा चार किलोचा चोणक तिला आवरत नाही. रिळावर ३० पौंडी बॅकिंग (लाइनमागचा राखीव धागा; पौंड म्हणजे तो सोसतो ते वजन) १५० मीटर. लाइन उष्ण प्रदेशासाठी बनवलेलीच हवी. थंड मुलखातली लाइन इथल्या उन्हात मऊ पडते, काठीच्या कड्यांना चिकटते आणि फेक निम्म्यावर येते. लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लायमधला धागा, ९ फूट: ४० पौंडी ४ फूट, पुढे ३० पौंडी अडीच, २० पौंडी दीड आणि टोकाला ४० पौंडी फ्लुरोकार्बन एक फूट. टोकाचा तुकडा जाड ठेवायचा, कारण चोणकाच्या तोंडाची आतली बाजू कानशीसारखी खरखरीत असते आणि कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी कापते. दर माशानंतर हा तुकडा नखाखालून ओढून बघायचा. खरबरीत लागला की बदलायचा. फ्लाय मोकळ्या फासाच्या गाठीनं बांधायची. आवळून बांधली तर जाड धाग्यामुळे ती काठीसारखी सरळ चालते.

जागा म्हणजे खाजनातून (बांध घातलेल्या खाडीकाठच्या जमिनीतून) उतरणाऱ्या व्हाळाचं, ओढ्याचं, तोंड. ओहोटीला खारफुटीतलं पाणी नदीत येतं, त्याबरोबर सुंगटं वाहत येतात. चोणक धारेत राहत नाही. धारेच्या कडेला, कोपऱ्याच्या खालच्या अंगाच्या संथ पाण्यात, तोंड प्रवाहाकडे करून थांबतो. फ्लाय धारेत वरच्या बाजूला टाकायची, वाहत कोपऱ्यापर्यंत येऊ द्यायची, मग वीतभराचे दोन झटके आणि एक विसावा. घास बहुधा विसाव्यात येतो. मासा तोंड उघडून पाणीच आत ओढतो, त्यामुळे हाताला फक्त लाइन जड झाल्यासारखी वाटते. इथं काठी उचलली की फ्लाय तोंडातून निसटलीच. काठीचं टोक पाण्याकडे तसंच ठेवून डाव्या हातानं लाइन लांब आणि जोरात ओढायची, तेव्हा गळ कठीण जबड्यात रुततो. मासा हवेत उसळला की मात्र काठी त्याच्याकडे झुकवून लाइन सैल सोडायची.

मानशीचं, म्हणजे खाजनाच्या बांधातल्या दारांपाशी असलेलं, पाणी मोहात पाडतं. भरतीच्या दाबानं तिची दारं मिटतात, ओहोटीला उघडतात आणि बाहेरच्या कोंडीत मासा जमतो. पण मानशीची मासेमारी लिलावानं दिलेली असते. ज्यानं ती घेतली त्याला विचारल्याशिवाय तिथं गळ टाकणं म्हणजे त्याच्या ताटात हात घालणं. चोडणच्या डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्यात तर गरवायचंच नाही.

पौष अमावास्या

आज भोम, दुर्भाटच्या बाजूला मांगें थापणी. खाजनाच्या बांधावर चिखलाची मगर घडवून पूजतात. कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी खऱ्याच आहेत. त्या पाण्यात गुडघाभरही उतरू नये, होडीतूनच गरवावं आणि पकडलेला मासा दोरीला बांधून पाण्यात सोडून ठेवू नये. इतर ठिकाणी उतरायचं तर जाड तळाचे बूट हवेत, कारण कालवांच्या (खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या) कडा पाय चिरतात. पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालावं, म्हणजे तळावर बसलेलं पाकट (शेपटीत काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकतं.

पाणी या दिवसांत सर्वात स्वच्छ आणि सर्वात थंड असतं. चोणक मंदावतो. लीडर १२ फुटांपर्यंत वाढवा, फ्लाय लहान घ्या, विसावा दुप्पट करा. सकाळी जमिनीवरचा वारा असतो, फेक सोपी जाते. दुपार जवळ आली की समुद्रावरून वारा सुटतो आणि जड फ्लाय कानाशी येऊ लागते. तेव्हा गुंडाळावं.

वैशाख शुद्ध सप्तमी

खारं पाणी आता नदीत खूप आत पोचलंय आणि वर-खाली एकजीव झालंय. तरंगती लाइन, पाण्यावर फुटफुटणारी पॉपर जातीची फ्लाय, उजाडायच्या आधीचा एक तास. दगडी धक्के आणि जुन्या खांबांपाशी तांबोशी मासळी मिळते. तीही फिरस्तीच: लहानपण खाडीत, मोठेपण समुद्रातल्या खडकांत. ती घास घेऊन थेट दगडात वळते. पहिल्या दोन मीटरांत थांबवली नाही तर लीडर कालवांवर कापला जातो, म्हणून तिच्यासाठी रिळाचा ब्रेक जवळजवळ पूर्ण आवळून ठेवावा.

सोडायचा मासा या महिन्यात पाण्याबाहेर काढूच नये. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, दमलेला मासा पोहत गेलेला दिसतो आणि नंतर मरतो. गळाचा उलटा काटा पकडीनं आधीच दाबून ठेवला असेल तर तो पाण्यातच सुटतो. पोटाखाली ओला हात, तोंड प्रवाहाकडे, आणि त्यानं स्वतः शेपटी मारेपर्यंत धरून ठेवायचं.

आषाढ शुद्ध दशमी

१ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात. नदीत फ्लायही बंद ठेवावी असं मला मनापासून वाटतं, आणि कारण फक्त गढूळ पाणी नाही. चोणक पावसाळ्यात मुखाकडे उतरतो. त्याच्या अंड्यांना खारं पाणी लागतं, नदीच्या गोड्यात ती टिकत नाहीत. पिल्लं नंतर भरतीबरोबर खाजनांत आणि व्हाळांत शिरून वाढतात. चोणक आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो. म्हणून मीटरभराकडे झुकलेला मासा जवळपास नेहमी मादीच, आणि तिच्या पोटात लाखांनी अंडी. बाजारात मोठ्या चोणकाला भाव जास्त, फोटोतही तोच हवा असतो. खायचा तर दोन-तीन किलोचा ठेवावा, त्याची चवही सरस. मोठी मादी कुठल्याही महिन्यात सोडून द्यावी.

सामान या दिवसांत बिघडतं ते पाण्यानं नाही, दमट हवेनं. रीळ गोड्या पाण्यानं धुऊन ब्रेक पूर्ण सैल करून ठेवा. आवळलेला राहिला तर आतल्या चकत्या एकमेकींना चिकटतात आणि आश्विनात पहिल्याच माशाला झटका बसून धागा तुटतो. लाइन रिळावरून काढून मोठ्या वेटोळ्यात टांगा. फ्लाय पूर्ण वाळवून डब्यात कापराच्या वडीसह ठेवा, नाहीतर पिसं कसर खाते. तांबारलेला एक गळ शेजारच्या दहांना डाग लावतो. तो आजच वेगळा काढा.