शेजारचा रस्ता बिनटोलचा ठेवा, मग खुशाल एक्सप्रेसवे करा

परत एकदा गावच्या ग्रुपवर तो नकाशा फिरायला लागलाय. कोकण द्रुतगती महामार्ग, पेणजवळच्या बाळवलीपासून पार गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत, पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास, सहा पदरी, आणि सगळा ग्रीनफिल्ड म्हणजे आत्ता जिथे कलमं, काजू आणि सडा, म्हणजे कातळाचं माळरान, आहे तिथून नवीन काढायचा. नकाशा आला की ग्रुपवर लगेच दोन तट पडतात. मुंबईची मंडळी म्हणतात होऊदे एकदाचा, आणि गावात राहणारे नकाशा मोठा करकरून बघत बसतात की लाल रेघ आपल्या जागेतून जाते का शेजारच्याच्या. मी गावात राहणारी. लांज्याजवळ हायवेला लागून आमचं छोटं दुकान आहे, आगळ म्हणजे कोकमाचा रस, कोकमं, आंबापोळी, फणसपोळी, काजूगर, सीझनला आंबा. रस्ता हाच आमचा धंदा, त्यामुळे यावर मला बोलायचंय आणि जरा सविस्तर बोलायचंय.

आधी स्पष्ट सांगते, माझा नव्या रस्त्याला विरोध नाही आणि टोलला पण सरसकट विरोध नाही. ज्याला घाई आहे आणि परवडतं त्याने पैसे भरून लवकर जावं, त्यात वाईट काय. पण त्याच्या शेजारी जो साधा रस्ता आहे तो पूर्ण झालेला, धड आणि बिनटोलचा पाहिजे. नव्या रस्त्याचं बोलताना सगळे जुन्याचं बोलायचंच सोडून देतायत म्हणून हे लिहितेय.

माझा मामेभाऊ अमेरिकेत व्हर्जिनियाला असतो. मे महिन्यात आला होता तेव्हा हातखंब्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्या अडकल्या त्याने तिकडच्या एक्सप्रेस टोल लेनचं सांगितलं. योगायोग बघा, त्याच्या घराजवळून वॉशिंग्टनला जाणाऱ्या हायवेचा नंबर पण आपल्या मुंबई-गोवा हायवेसारखा ६६ च. तिथे बेल्टवे म्हणून एक रिंगरोड आहे, त्याच्या बाहेरच्या भागात २०२२ मध्ये एक्सप्रेस लेन झाल्या. एकाच रस्त्यावर जायला तीन लेन साध्या, फुकट, आणि त्याला लागून दोन लेन टोलच्या. टोल फिक्स नाही, गर्दी वाढली की वाढतो, कमी झाली की उतरतो, आत शिरायच्या आधी बोर्डावर रेट दिसतो, पटला तर जा नाहीतर साध्या लेनने जा. गाडीत तीन माणसं असली तर टोल माफ. आणि त्याच रस्त्याचा रिंगरोडच्या आतला जो तुकडा आहे तिथे मात्र सकाळ-संध्याकाळ गर्दीच्या वेळेला एकट्याने गाडी चालवणाऱ्याला बाजूला फुकटची लेनच नाही, सगळ्याच लेनना टोल. डिसेंबर २०१७ मध्ये ते चालू झालं आणि पहिल्याच दिवसांत दहाएक मैलांचा टोल चाळीस डॉलरवर गेला, केवढी बोंबाबोंब झाली होती म्हणाला. एकच रस्ता, एकाच नंबरचा, पण जिथे बाजूला फुकटची वाट आहे तिथे माणूस स्वतः ठरवून पैसे देतो आणि जिथे नाही तिथे त्याच्याकडून ते काढून घेतले जातात. मला तर कोकणातल्या रस्त्याचा सगळा प्रश्न यात दिसला.

कारण आपली साधी लेन म्हणजे मुंबई-गोवा हायवे, आणि त्याची काय अवस्था आहे ते इथे येणाऱ्या कोणाला सांगायला नको. पळस्पे ते इंदापूरचं चौपदरीकरण २०११ ला चालू झालं. पुढे इंदापूर ते झारापची पॅकेजेस निघाली, सिंधुदुर्गातला भाग खूप आधी झाला, आणि आमचा कांटे ते वाकेड आणि त्याच्या वरचा आरवली ते कांटे हे दोन तुकडे रखडत राहिले. तेव्हा शाळेत जाणारी पोरं आता नोकरीला लागली. १६ ऑक्टोबर २०२३ ला चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळला, ते व्हिडिओ बघून त्या रात्री झोप लागली नव्हती मला. चिपळूणचे वकील ओवैस पेचकर यांना या रस्त्यासाठी हायकोर्टात जनहित याचिका करावी लागली. काम होऊच शकत नाही असं नाही हो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एस्टी गाड्या माणसांसकट गेल्या, आणि त्यानंतर नवीन पूल वर्षाच्या आत उभा राहिला. कशेडीच्या बोगद्यातून गाडी गेली की पण वाटतं, अरे जमतंय की. मग बाकीच्याला एवढी वर्षं का?

आणि या अर्धवट रस्त्यालाच टोलनाके उभे राहिले. राजापूरला हातिवले, कणकवलीजवळ ओसरगाव. लोकांनी आंदोलनं केली, म्हणणं साधं होतं की आधी रस्ता पूर्ण करा मग टोल मागा. त्यात चूक काय होतं? नियमाने टोलनाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना खाजगी गाडीसाठी महिन्याचा पास मिळतो हे खरं आहे, टू-व्हीलरला टोल नसतो हेही खरं. पण पास गाडी कुठल्या कामाची आहे ते बघून मिळतो. आमच्यासारख्याचा मालाचा छोटा टेम्पो त्यात बसत नाही आणि रोज नाका ओलांडावा लागतो तो त्यालाच.

माझी भीती ही आहे की एक्सप्रेसवे झाला की त्याला टोल असेलच, आणि खालच्या ६६ ला पण राहील. मुंबई-पुण्याला बघा ना, एक्सप्रेसवेला टोल आणि जुन्या हायवेला पण टोल. मग निवड कसली राहिली? समृद्धीवर एप्रिल २०२५ पासून कारला किलोमीटरला २.०६ रुपये पडतात. तोच रेट पावणेचारशे किलोमीटरला लावा, एका बाजूचे पावणेआठशेच्या आसपास होतात, जाऊन येऊन दीड हजाराच्या वर, आणि त्यात पनवेलपर्यंतचं काही धरलेलं नाही. इथे डोंगर, बोगदे, खाड्या, खर्च समृद्धीपेक्षा जास्त, म्हणजे रेट कमी होईल अशी आशा नको. तो फास्टॅगचा वार्षिक पास काढलाय म्हणून निवांत बसू नका, तो नॅशनल हायवेसाठी आहे, समृद्धीसारख्या राज्याच्या रस्त्यांना चालत नाही.

तरी लोक पैसे देतील, मला खात्री आहे. आत्तासुद्धा देतातच. आमच्याकडचे कितीतरी चाकरमानी हायवेला कंटाळून पुण्यावरून येतात, एक्सप्रेसवेचा टोल, मग खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, कराडवरून मलकापूर आणि आंबा घाट उतरून साखरपा. घाटमाथ्यावरून वळसा घालून, एवढे नाके भरून माणूस कोकणात आपल्या गावी येतो, कारण सरळ रस्त्याचा भरवसा नाही. ज्याने कोणी हे ट्रॅफिकचे आकडे काढले असतील त्याला असं वाटेल की कोकणी माणसाला टोल परवडतो. परवडत नाही, लहान पोरं आणि म्हातारी आई गाडीत असते म्हणून देतो.

आता दुसरी गोष्ट, जी मुंबईच्या मंडळींना सहसा सुचत नाही. या रस्त्यावर आम्ही चढायचं कुठे? अॅक्सेस कंट्रोल्ड म्हणजे ठरलेल्या इंटरचेंजलाच आत जायचं नाहीतर बाहेर पडायचं, मध्ये कुठेही नाही. रिक्षा नाही, मोटरसायकल नाही, ट्रॅक्टर नाही. आमच्या वाडीत कार किती घरांकडे आहे आणि टू-व्हीलर किती घरांकडे आहे हे कोणीही येऊन मोजावं. म्हणजे जमीन आमची जाणार, डोंगर आमचा कापणार, आणि वरून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज ऐकत आम्ही खालच्या खड्ड्यातून लांज्याला जाणार. कोकण रेल्वेने हे आपण बघितलंय. १९९८ ला पूर्ण झाली, केवढा अभिमान, मला पण आहे, पण लांब पल्ल्याच्या गाड्या आमच्या स्टेशनावरून धडधडत निघून जातात आणि थांबा मिळावा म्हणून लोक वर्षानुवर्षं निवेदनं देतायत. अगदी २०२५ च्या गणपतीला कार ट्रेनवर चढवून न्यायची रो-रो सुविधा आणली तेव्हा पण आधी फक्त कोलाड ते गोव्यातलं वेर्णा, एका गाडीचे ७८७५ रुपये, मधल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाला काहीच नाही, मग ओरड झाल्यावर नांदगावचा थांबा आला. गणपती कोणाच्या घरी जातो, गोव्याला का? प्लॅनिंग करणाऱ्याच्या डोळ्यापुढे दोन टोकं असतात आणि मधली माणसं असतच नाहीत, हे बदलायला पाहिजे.

सध्याच्याच हायवेला लागून अजून दोन लेन वाढवा असंही काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. परशुराम घाटात जाऊन बघा, वर डोंगर सुटतोय आणि खाली पेढे गाव, तिथे चार लेन बसवतानाच पावसाळ्यात किती वेळा रस्ता बंद ठेवायला लागला. त्यामुळे जादा रस्ता वेगळ्या वाटेने न्यायचा विचार मला समजू शकतो. फक्त पाण्याचा विचार करून न्या. आमच्या दुकानामागे मळा आहे, दोन भावकीत मिळून भात करतो. रुंदीकरणात भराव टाकला आणि जुनी दगडी मोरी होती त्या जागी पाइप घातले, ते पाइप मळ्याच्या पातळीपेक्षा वर बसले. वरच्या सड्यावरचं सगळं पाणी आधी व्हाळाने सरळ खाली जायचं, आता ते भरावाला अडून मळ्यात तुंबतं, लावणीनंतर आठ आठ दिवस रोपं पाण्याखाली आणि पाणी ओसरलं की वर लाल चिखलाचा थर. एवढीशी उंची, कोणीतरी पावसात येऊन बघितलं असतं तर कळलं असतं. सर्व्हे नेहमी उन्हाळ्यात होतो. उन्हाळ्यात आमचा व्हाळ म्हणजे कोरडी खाच दिसते, जुलैत या म्हणजे तिथे उभं राहता येणार नाही. पावणेचारशे किलोमीटरच्या भरावात अशा खाचा किती असतील याचा विचार केला तरी पोटात गोळा येतो.

ते गर्दीप्रमाणे बदलणाऱ्या टोलचं मामेभावाला मी विचारलं की चतुर्थीच्या आदल्या दोन दिवसांत आमच्याकडे काय रेट होईल रे? आपल्याकडे त्या दिवसांत सरकार टोलमाफीचे पास देतं, आणि ते बरोबर आहे, कारण त्या दिवशी घरी पोचणं ही चैन नाही. कधी पुढेमागे तसला रेट इकडे आणायचा विचार झालाच तर सणाला हात लावू नका, आणि एस्टीला कायमची माफी द्या. तिकडे तीन माणसांच्या गाडीला माफी आहे, आमच्या एस्टीत तर पन्नास माणसं बसलेली असतात.

दुकानाचं पण सांगते, कारण विचारतात लोक. नव्या रस्त्यावर गाड्या गेल्या की आमच्याकडे कोण थांबणार हा प्रश्न आहेच. तिथले फूड प्लाझा मोठ्या ठेकेदारांना जातील. निदान प्रत्येक थांब्यावर आसपासच्या गावांच्या बचत गटांना गाळे राखून ठेवावेत, भाडं झेपेल असं. आमच्या आगळाची बाटली तिथे ठेवायला आम्हाला दुसऱ्या कोणाच्या दुकानात हात जोडायला लागू नयेत.

आता मुंबई-पुण्यातल्या गाववाल्यांना एक कळकळीचं सांगणं. रस्ता कधी होईल तेव्हा होईल, तुमचा सातबारा आजच महाभूलेखवर उघडून बघा. आपल्याकडे एकेका सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची वीस-पंचवीस नावं असतात, निम्मी माणसं आता नाहीत, वारस लागलेले नाहीत. हायवेच्या वेळी थ्री-ए ची, म्हणजे जमीन घेणार असल्याची, नोटीस पेपरात आली, २१ दिवसांत हरकत द्यायची असते, पण मुंबईत बसलेल्यांना ते कळलंच नाही, आणि मोबदला आला तेव्हा सामायिक खात्यावर भांडणं लागून पैसे अडकून पडले. आमच्या वाडीत दोन सख्खे चुलतभाऊ त्यावरून अजून एकमेकांशी बोलत नाहीत. वारसनोंद करून घ्या, झाडांची नोंद पीकपाहणीत आहे का बघा, कलमं असून सातबाऱ्यावर वरकस, म्हणजे हलकी जमीन, लागलं असेल तर मोबदला वरकसाचा मिळेल. आणि ग्रामसभा लागली की निदान एकाने तरी गाडी पकडून या, इकडे आम्ही म्हातारे-कोतारे आणि बायकाच असतो, बोलायला माणसं कमी पडतात.